बोरघाटाची तसबीर : एक तळटीप

१. ग्रंथकर्त्याने येथे ‘नवापूरच्या आगगाडीची जुनी तसबीर’ म्हणून जिचा निर्देश केला आहे, ती वस्तुतः बोरघाटाची होय. कारण जिच्यावर नवापूर वसले आहे ती सुरतेहून खानदेशात येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस झाली, आणि घाटाचा चढ तर १८६३ सालीच खुला झाला होता. त्या कामाचा मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत निवर्तला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने मक्ता सोडून न देता तो पुढे चालविला. घाटाच्या छायाचित्रांचा संग्रहही तिच्याच नावाशी निगडित आहे. अभियंत्यांच्या चरित्रांत या बाईला एखादी ओळही क्वचितच मिळते, हे आम्हांस अन्यायाचे वाटते. तसबिरीत डोंगर फोडून काढलेला मार्ग ठळक दिसतो. नवापूरकडे असा डोंगर नाही; तेथील नवल निराळेच. १ मे १९६० रोजी राज्ये विभक्त झाल्यापासून सरहद्द स्टेशनातूनच जाते, आणि फलाटावरील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत आहे.

— संपादक