कसारा घाटातील घड्याळ आणि संपर्क : स्मार्टवॉचच्या स्वतंत्र जोडणीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

स्मार्टवॉच आज प्रामुख्याने दोन प्रकारांत उपलब्ध आहे. पहिल्या प्रकारचे घड्याळ ब्लूटूथद्वारे जवळच्या मोबाइलशी जोडलेले असते व संदेश किंवा कॉल त्याच्याच मार्फत घेते. दुसऱ्या प्रकारात घड्याळातच सिम किंवा ई-सिम असते, त्यामुळे मोबाइल घरी राहिला तरी संपर्क साधता येतो. सॅमसंगने २०१४ मध्ये व अ‍ॅपलने २०१७ मध्ये अशी घड्याळे आणली. अ‍ॅपलचे सिमयुक्त घड्याळ भारतात २०१८ पासून मिळू लागले. घड्याळाला अशा स्वतंत्र जोडणीची खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न नवा वाटतो. तथापि घड्याळ आणि संपर्क यांचे नाते रेल्वेने दीड शतकापूर्वीच जोडले होते. प्रस्तुत लेखात कसारा घाटाच्या संदर्भात या नात्याचा विचार केला आहे.

घाटाची चढण आणि वेळेचे महत्त्व

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा मार्ग १८६१ च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत पोहोचला. परंतु तेथून जेमतेम पंधरा किलोमीटरवरील इगतपुरी गाठण्यास १८६५ साल उजाडले. थळ घाटाची चढण ३७ फुटांमागे १ फूट इतकी तीव्र आहे. आजही इगतपुरीकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कसाऱ्यास मागून बँकर इंजिने जोडावी लागतात. अशा मार्गावर कोणती गाडी केव्हा सुटली व पुढील स्थानकी केव्हा पोहोचली, हे दोन्ही टोकांना एकाच वेळेत कळणे हा सुरक्षिततेचा प्रश्न होता. त्यासाठी अचूक घड्याळ पुरेसे नव्हते. दोन स्थानकांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असणे आवश्यक होते.

शहराची वेळ आणि रेल्वेची वेळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने मद्रास वेळ स्वीकारली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे ३० मिनिटे पुढे होती. १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ लागू झाली, तेव्हा मुंबई वेळेशी असलेला फरक ३९ मिनिटांचा झाला. मुंबई महानगरपालिकेने आपली जुनी वेळ त्यानंतरही अनेक वर्षे सोडली नाही. कसाऱ्याहून मुंबईस उतरलेल्या प्रवाशाला स्थानकात एक वेळ आणि शहरात दुसरी वेळ दिसत असे. यातील कोणतेही घड्याळ बिघडलेले नव्हते. प्रत्येक घड्याळ निराळ्या केंद्राशी जोडलेले होते. घड्याळाचा खरेपणा त्याच्या यंत्राइतकाच त्याच्या जोडणीवर अवलंबून असतो, हे यावरून स्पष्ट होते.

उसनी वेळ आणि स्वतःची तार

भारतीय रेल्वेच्या १९७६ च्या सामान्य नियमांनुसार प्रमाण वेळ दररोज १६.०० वाजता प्रमुख स्थानकांना कळवली जाते. गाडी सुटण्यापूर्वी गार्डने आपले घड्याळ स्थानकाच्या घड्याळाशी जुळवावे व तीच वेळ चालकास सांगावी, असाही नियम आहे. गार्डच्या पदास २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हटले जाते. त्याच्या मनगटावरील घड्याळाला तार नव्हती. स्थानकाजवळ आले की ते वेळ उसनी घेई आणि पुढील प्रवासात स्वतःच्या बळावर चाले. ब्लूटूथवर चालणाऱ्या स्मार्टवॉचचे मोबाइलशी असलेले नाते याच जातीचे आहे.

गाडी दोन स्थानकांमध्येच थांबली तर मात्र उसनी वेळ उपयोगी पडत नाही. तेथे बोलण्याची सोय लागते. यासाठी विद्युतीकरण झालेल्या मार्गांवर रुळांलगत साधारण एकेक किलोमीटरवर संपर्क-खाचा ठेवण्यात आल्या. गाडीतील सुटा दूरध्वनी तेथे जोडून नियंत्रण कक्षाशी बोलता येई. हा संच स्थानकापासून स्वतंत्र होता, पण तारेपासून नव्हता. रुळालगतची तार तुटल्यास हातातील संच निरुपयोगी ठरे.

स्मार्टवॉचबाबत विचार

ई-सिम असलेल्या घड्याळाची स्थिती या सुट्या दूरध्वनीसारखी आहे. ते मोबाइलपासून मुक्त होते. मनोऱ्यापासून होत नाही. डोंगर, दऱ्या व बोगदे रेडिओ लहरींना अडथळा करतात. जेथे मोबाइललाच रेंज नाही, तेथे त्याहून लहान अँटेना असलेल्या घड्याळाकडून अधिक अपेक्षा ठेवता येत नाही. शिवाय स्वतंत्र जोडणीमुळे लहान बॅटरी लवकर संपते आणि सेवेचा वेगळा खर्चही येऊ शकतो. याउलट वेळ दाखवणे, पावले व नाडीचे ठोके मोजणे, तसेच घड्याळात जीपीएस असल्यास स्थान नोंदवणे ही कामे सिमशिवाय होतात.

म्हणून ज्याच्या खिशात मोबाइल असतोच, अशा कसारा लोकलच्या नित्य प्रवाशाला ही जोडणी अनावश्यक आहे. मोबाइल जवळ बाळगणे ज्यांना शक्य नसते, त्यांची गोष्ट वेगळी आहे. एकटे राहणारे वृद्ध, पहाटे धावणारा खेळाडू किंवा दोन्ही हात कामात गुंतलेला कामगार यांच्यासाठी ती संकटकाळी मोलाची ठरू शकते. मात्र त्या जागी रेंज आहे, याची खात्री आधी करून घेतली पाहिजे.

निष्कर्ष

घाटातील रेल्वेने सर्वांना एकच साधन दिले नाही. जेथे उसनी वेळ पुरे होती तेथे साधे घड्याळ ठेवले आणि जेथे माणूस एकटा पडण्याची शक्यता होती तेथपर्यंत तार नेली. स्मार्टवॉचच्या निवडीसही हाच निकष लावणे योग्य ठरेल. मनगटावर सिम बसवल्याने दुर्गम पाड्यावरील संपर्काचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी मनोरा तेथपर्यंत पोहोचावा लागतो. एकोणिसाव्या शतकात घड्याळाआधी तार घाटात न्यावी लागली, तो क्रम आजही बदललेला नाही.