यीस्टची वाढ आणि उष्णता : एका मापनपद्धतीचा इतिहास

किण्वन चालू असलेले पिंप हाताला कोमट लागते, हे मद्य तयार करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ही ऊब मोजता येईल, हा विचार मात्र बराच नंतरचा होय. १७८३ साली लाव्हाझिए व लाप्लास यांनी बर्फाच्या उष्मामापकात गिनीपिग ठेवून, वितळलेल्या बर्फावरून प्राण्याची उष्णता मोजली. यीस्टची पेशी अशा प्रयोगासाठी फारच लहान. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ द्यूब्रंफो यांनी १८५६ मध्ये काढलेला मार्ग उलट दिशेचा, आणि म्हणूनच विलक्षण होता : उपकरण सूक्ष्म न करता त्यांनी नमुनाच प्रचंड घेतला. हजारो लिटरांच्या पिंपातील तापमानवाढ नोंदवून, बाहेर निसटलेली उष्णता त्यांनी हिशेबात धरली. घनफळाच्या मानाने पृष्ठभाग कमी असल्याने हा ऱ्हासही तुलनेने कमी होता.

परंतु ही उष्णता नेमकी कशाची? किण्वन ही सजीव पेशीची क्रिया, असे पाश्चर मानत. लीबिग यांना ते मान्य नव्हते. १८९७ मध्ये बुखनर यांनी पेशीविरहित यीस्टरसानेही साखर आंबते हे दाखविले. म्हणजे वाढ न होताही उष्णता निर्माण होऊ शकते. उष्णतेला वाढीचे माप मानणाऱ्यांसाठी ही खरी अडचण होती, आणि मॅक्स रुबनर यांनी निर्वात पात्रे वापरून यीस्टच्या पोषणाचा चिकाटीने केलेला अभ्यासही (१९१३) तिच्यातून पूर्णतः सुटला नाही.

उपकरणाचाही दोष होताच. उष्णतारोधक पात्रात तापमान चढत जाते, आणि ज्या वाढीचे मापन करावयाचे तीच त्यामुळे बदलते. ए. व्ही. हिल यांच्या भेददर्शी सूक्ष्मउष्मामापकाने (१९११) संवेदनक्षमता वाढविली. तियाँ व काल्व्हे यांनी उष्णता कोंडण्याऐवजी तिला वाहू देऊन प्रवाहच मोजला, आणि तापमान जवळजवळ स्थिर राहिले.

एडविन बॅटली यांनी १९६० मध्ये उष्णतेबरोबर तयार झालेल्या पेशींचे वजन व खर्ची पडलेले द्रव्य यांचाही ताळेबंद मांडला. तो अपरिहार्यच होता. एक मोल ग्लुकोजच्या पूर्ण ज्वलनातून सुमारे २,८०० किलोज्यूल उष्णता मिळते, मद्यकिण्वनातून मात्र तिचा अगदी अल्प अंश. ऑक्सिजन उपलब्ध असता यीस्ट आधी ग्लुकोज व नंतर स्वतःच तयार केलेले अल्कोहोल वापरते. उष्णतेच्या आलेखावर तेव्हा दोन शिखरे उमटतात, आणि दोहोंखालील समान क्षेत्रफळ समान वाढ दर्शवीत नाही.