स्वप्नातला कोबी आणि कांदा

परवा सकाळी साडेसहाला आईचा फोन. तिकडे आठ वाजलेले. "अरे, स्वप्नात आपल्या परसात कोबीचे गड्डेच गड्डे! आणि तू कोपऱ्यात बसून कांदा-भाकरी खात होतास. बरा आहेस ना?" मी हसून वेळ मारून नेली आणि जबल अलीच्या साइटवर निघालो.

दुपारी डबा खाताना चिनी सहकाऱ्याला हे सांगितलं. तो खूष! चिनी भाषेत कोबी म्हणजे 'बाइ-त्साय', आणि 'शंभर प्रकारचं धन' याचा उच्चारही तसाच, सूर तेवढा वेगळा. चिनी स्वप्नविद्येचा मोठा भाग असल्या शब्दखेळांवर उभा आहे. तिसऱ्या शतकातल्या तिंग कू या अधिकाऱ्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्या स्वप्नात पोटातून पाइनचं झाड उगवलं. त्या झाडाचं चिनी अक्षर फोडलं की 'दहा', 'आठ' आणि 'सरदार' अशी तीन अक्षरं मिळतात. म्हणून १८ वर्षांनी सरदार होणार, असा अर्थ त्याने लावला, आणि म्हणे झालाही! असे अर्थ देणारी पुस्तकं चौच्या ड्यूकच्या नावावर खपतात. हा ड्यूक इसवी सनापूर्वी अकराव्या शतकातला. पुस्तकं मात्र फार नंतरची. तुनह्वांगच्या गुहेत १९०० साली सापडलेल्या हस्तलिखितांतही त्याच्या नावाची स्वप्नपुस्तकं आहेत.

शेजारचा इजिप्शियन फोरमन मात्र गंभीर झाला. "कांदा चांगला नाही." अरबी परंपरेत स्वप्नाचा अर्थ बऱ्याचदा कुराणातून काढतात. तिथे मूसाचे लोक वाळवंटात देवाने दिलेल्या अन्नाला कंटाळून काकडी, मसूर, कांदा मागतात, आणि मूसा विचारतो, चांगलं सोडून हलकं घेता? म्हणून स्वप्नातली भाजी म्हणजे चिंता, असं इब्न सिरीनच्या नावावरचे ग्रंथ सांगतात.

चांगलं सोडून हलकं... घास घशातच अडकला. परदेशात राहणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारू नये.

संध्याकाळी परतताना इब्न बतूता मॉल लागला. हा बतूताही एका स्वप्नाचा प्रवासी. १३२६ साली इजिप्तमध्ये त्याला स्वप्न पडलं, की एक मोठा पक्षी त्याला पंखावर घेऊन दूर पूर्वेला उडाला. एका शेखने अर्थ सांगितला, तू हज करशील, हिंदुस्थानात जाशील. तसंच झालं! १३४२ च्या सुमारास तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघाला, तो दौलताबाद, नंदुरबारवरून. नंदुरबारचे मराठे उत्तम वैद्य आणि ज्योतिषी, जेवण भात, भाजी आणि तिळाचं तेल, असं त्याने नोंदवलंय.

वैद्यांवरून चरक आठवला. त्याने स्वप्नं सात प्रकारची सांगितली. त्यातली पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मागितलेलं आणि कल्पिलेलं, ही पाच निष्फळ. आईचं स्वप्न उघडच चौथ्या प्रकारचं. मुलगा परसात बसून भाकरी खातोय, एवढंच तिचं मागणं. म्हणजे चरकाच्या हिशेबाने फळ शून्य.

रात्री फोन करून सांगितलं, "आई, तिकीट काढलंय. कांदा तयार ठेव."

चरकाला एकदा चुकवायला काय हरकत आहे?