नुसता भात

आजी जेवायला बसली की पहिले दोन घास नुसत्या भाताचे घ्यायची. ताटात उडदाचं वरण असो, खेकड्याचं कालवण असो, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील असो. भाताच्या ढिगाची एक कड ती कोरडी राखायची आणि सुरुवात तिथूनच करायची. “आजी, तुला सगळ्यात जास्त काय आवडतं गं?” असं आम्ही नातवंडं मुद्दाम विचारायचो. उत्तर ठरलेलं होतं. “भात. नुसता.” मग आम्ही खिदळायचो.

आमचा पाडा तलासरी तालुक्यात, गुजरातच्या शिवेजवळ. खाली बोर्डी-घोलवडला चिकूच्या वाड्या, त्यापुढे डहाणूचा समुद्र. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेतून पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी यायची. थंडीत वालपापडी, कंद नि रताळी मडक्यात भरून आगीत पुरलेली उकडहंडी असायची. एवढं सगळं सोडून म्हातारीला नुसता भात कसा आवडतो, हे कोडं सुटायला माझी निम्मी हयात गेली. आजी कुठलीच गोष्ट सलग सांगत नसे. भाजी निवडताना एक तुकडा, शेकोटीपाशी दुसरा.

तिच्या लहानपणी घरात भात पिकत होतं. शिजत मात्र नव्हतं. जमीन सावकाराची, राबणारे आम्ही वारली. मळणी झाली की सावकाराची गाडी थेट खळ्यावर उभी राही. आधी खंडाचं भात मोजलं जाई, मग खावटीचं. आषाढात घरातला दाणा संपला की सावकाराकडून उचलायचं ते धान्य म्हणजे खावटी. मणाला दीड मण, कुठे त्याहून जास्त, असं ते सुगीत फेडायचं. “खळं झाडून घेतलं की सुपात जे राहील ते आमचं,” आजी सांगायची. “त्यात माती जास्त असायची.”

मग खायचं काय? माळावरच्या वरकस जमिनीतली नागली. तिची भाकर, नाहीतर आंबवलेली पातळ आंबील. पावसाळ्यात रानातली कवळी, टाकळा, लोत. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांत काकडं घालायची. आणि पाऊस सरला की कडूकंद. त्याच्या चकत्या करून राख घातलेल्या पाण्यात उकडायच्या, टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. राखेनं नि पाण्यानं कडूपणा उतरतो. घाई केली तर तोंड कडू होतंच, वर पोटही बिघडतं. त्या टोपलीवर दगड ठेवायचं काम आजीचं. एकदा दगड हलका पडला, टोपली वाहून गेली, आणि दुसऱ्या दिवशी घरात सगळे पाणी पिऊन निजले. हे सांगताना साठ वर्षांनंतरही ती ओशाळायची.

त्या घरात तांदूळ हमखास दिसायचा तो लग्नात, तोही भिंतीवर. लग्नाआधी सवासिनी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर देवचौक लिहितात. आम्ही चौक ‘लिहितो’ म्हणतो, ‘काढतो’ नाही. तो पांढरा रंग म्हणजे पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ. पुढे गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं जगभर नेली; 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रदर्शनात लोक त्या पांढऱ्या रेषांपुढे उभे राहतात, तेव्हा मला आजीच्या बहिणीचं लग्न आठवतं, मी न पाहिलेलं. पीठ कालवलेली वाटी आजीनं बोटानं पुसून चाटली होती आणि आईचा मार खाल्ला होता. मार पीठ कमी झालं म्हणून नव्हता, देवाचं उष्टं केलं म्हणून होता.

आजीचा बाप लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले, त्यापायी नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायला बांधली गेली. 1945 च्या 23 मे रोजी झरीला मोठी सभा झाली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. पाचेक हजार वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर आले होते. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं तिथे ठरलं. आजीचा बाप फडक्यात नागलीची भाकर बांधून गेला होता. परत आला तो भाकर तशीच घेऊन. ऐकण्याच्या नादात खायची राहिली म्हणाला. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची; तिला झरीच्या सभेतलं आठवायचं ते एवढंच, की त्या रात्री एक भाकर जास्तीची मिळाली.

त्याच पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये ही मागणी होती. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. लोक ज्यांना ‘गोदाराणी’ म्हणत, त्या गोदावरीबाईंनी हे सगळं पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं. आजीला वाचता येत नव्हतं. मी थोडं वाचून दाखवलं, तर म्हणाली, “बाईनं भुकेचं बरोबर लिवलंय.”

वेठ गेली, तरी भात घरात यायला आणखी बारा वर्षं लागली. 1 एप्रिल 1957 हा कूळकायद्यानं ठरवलेला ‘कृषक दिन’. त्या दिवसापासून कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं जाऊ लागलं. सगळ्यांचीच नावं लागली नाहीत. आजीच्या सासऱ्यांचं लागलं. त्या सुगीत खळ्यावर गाडी आली नाही. भात कणगीत पडलं. सासूनं त्यातलं पायलीभर काढलं, दोघी सुनांनी उखळात सडलं, आणि रात्री घरातलं सगळ्यात मोठं मडकं चुलीवर चढलं.

“मग बरोबर काय होतं?” मी विचारलं होतं.

“वरण होतं की. उडदाचं.”

“मग?”

“कोणी घेतलंच नाही.”

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. त्या वर्षी मुंबईतल्या एका महागड्या हॉटेलात माझ्यापुढे तळहाताएवढी नागलीची भाकरी आली, वर लोण्याची गोळी. नागली पौष्टिक, हे खरंच आहे. पण वेटर तिचं कौतुक सांगत होता, तेव्हा मला पहिल्या पगाराचा दिवस आठवत होता. आजीला घेऊन डहाणूच्या एका खाणावळीत गेलो होतो. सुरमई, बोंबील, सोलकढी, जे होतं ते मागवलं. वाढपी भात घालून लगेच आमटीचा डाव घेऊन वाकला. आजीनं ताटावर आडवा हात धरला. त्याला वाटलं, म्हातारीला आमटी नको. तो पुढच्या ताटाकडे वळला.

“थांब ना रे,” आजी म्हणाली. “घेते. दोन घास होऊ दे.”

दुपारच्या गर्दीत तो हातात डाव धरून तसाच उभा राहिला.