भट्टीपूर्वीची भुकटी

कच्चे मडके पाण्यात विरते आणि भाजलेले मडके पाणी धरते, हा अनुभव मनुष्यजातीला हजारो वर्षांचा आहे. त्यामुळे या विद्येचा सारा मान आपण अग्नीला देत आलो. परंतु गेल्या शतकाचा इतिहास पाहिला म्हणजे आम्हांस असे वाटते की, वस्तूचे निम्मे भवितव्य भट्टी पेटण्यापूर्वीच तिच्या भुकटीत ठरून गेलेले असते.

माठातले पाणी गार होते, कारण माठाच्या अंगात सूक्ष्म छिद्रे असतात. माठाचा हा गुण इतरत्र मात्र दोष ठरतो. छिद्रे बुजविण्याची युक्ती चिनी कारागिरांना प्रथम साधली. युरोपला ती अठराव्या शतकाच्या आरंभी उमगली आणि 1710 साली जर्मनीत माइसेन येथे कारखाना निघाला. चिनी मातीच्या मिश्रणातील काही भाग भट्टीत वितळतो, त्याची काच होते आणि ती भोके भरते, हे त्यातले मर्म.

पुढे विसाव्या शतकात यंत्रविद्येला शुद्ध अॅल्युमिनासारखे पदार्थ हवेसे झाले. तेथे भोके भरावयास काच नाही, आणि अॅल्युमिना वितळण्यास 2000 अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणून न वितळविताच कणाला कण सांधावा लागतो. तापलेले अणू कणांच्या सांध्याकडे सरकतात आणि मधली पोकळी भरू लागते. यालाच सिंटरिंग म्हणतात. तरीही थोडी छिद्रे उरतच, आणि त्यांवर प्रकाश विखुरला जाऊन वस्तू पांढरी व अपारदर्शक दिसे.

ती उरतात का, याचा छडा अमेरिकेत स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल यांनी लावला. भट्टीत स्फटिककण फार वेगाने वाढले, तर ते छिद्रांना गिळून टाकतात, आणि पोटात कोंडलेल्या छिद्राला मग वाट उरत नाही. कोबल यांनी बारीक भुकटीत शेकडा एकाहूनही कमी मॅग्नेशिया मिसळला. त्याने कणांच्या वाढीस आवर बसला, छिद्रे सांध्यांवरच राहिली आणि नाहीशी झाली. 1959 साली प्रसिद्धीस आलेल्या या ‘ल्युकालॉक्स’मधून प्रकाश आरपार जाऊ लागला. तापलेल्या सोडियमच्या वाफेपुढे काच टिकत नाही. ही नळी टिकली. आपल्या रस्त्यांवर पुढे अनेक वर्षे जळलेल्या पिवळसर सोडियम दिव्यांच्या पोटात अशीच नळी होती.

मग भुकटी आणखी बारीक केली तर? एक सेंटीमीटरचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटीमीटर. त्याचे 100 नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर तोच पृष्ठभाग 60 चौरस मीटर होतो! (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) पृष्ठभाग जितका मोठा, तितकी सांधण्याची ओढ अधिक आणि उष्णता कमी पुरते. पण इतके बारीक दळणे कठीण, शिवाय दळताना जात्याचीच झीज पिठात उतरते. म्हणून रसायनज्ञ द्रावणाकडे वळले. रांचीत जन्मलेले आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात कार्य केलेले रुस्तुम रॉय यांनी 1950 नंतरच्या दशकात द्रावणापासून जेल करून घटक अणूंच्या पातळीवर मिसळण्याचा मार्ग रूढ केला.

तथापि श्रोतेहो, अतिसूक्ष्म कण पिठातल्या गुठळ्यांसारखे एकमेकांस चिकटतात. गुठळीच्या आत कण दाटतात, दोन गुठळ्यांमध्ये मोठी पोकळी उरते, आणि ती पुरेपूर बुजविणे भट्टीला अवघड जाते. शिवाय नॅनोकण तापताच वाढू लागतात. 2000 साली चेन आणि वांग यांनी यिट्रियाची भुकटी क्षणभर अधिक तापवून, मग उष्णता उतरवून तेथेच दीर्घकाळ ठेवली. छिद्रे गेली, आणि कण सुमारे 60 नॅनोमीटरचेच राहिले.

एवढा खटाटोप कशासाठी? कृत्रिम खुब्याचा गोळा सिरॅमिकचा करतात, आणि एखाद्या छिद्रापासूनच त्याला तडा जाऊ शकतो. तेथे एका छिद्राचा प्रश्न हा एका माणसाच्या चालण्याचा प्रश्न असतो. अग्नीचा मान अग्नीकडे राहोच. पण भुकटी नीट मळणाऱ्या, चाळणाऱ्या हातांचाही इतिहासात वाटा आहे, तो त्यांस दिला पाहिजे.