एक देव, दोन गावे

तुळजापूरला आईचे दर्शन घेतले की आपली मंडळी बहुधा थेट अक्कलकोटची किंवा गाणगापूरची वाट धरतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग लागते, किल्ला दुरून दिसतो, जवळच अणदूर येते आणि गाडी निघून जाते. या अणदुरात उतरावे, असे आज सांगायचे आहे. पण उतरण्यापूर्वी एक प्रश्न विचारून घ्यावा लागतो. देव सध्या कुठे आहे?

प्रश्न चेष्टेचा नव्हे. अणदूरचा खंडोबा आणि नळदुर्ग-मैलारपूरचा खंडोबा हे दोन देव नाहीत. मंदिरे दोन, मूर्ती एकच. ती सव्वादहा महिने अणदुरात राहते आणि पावणेदोन महिने मैलारपुरात. मार्गशीर्षात अणदूरची यात्रा झाली की देव वाजतगाजत नळदुर्गास निघतो. पौष पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते, वाघ्यामुरळी येतात, भंडाऱ्याने वाटा पिवळ्या होतात. ते सोहळे आटोपले की देव परत अणदुरास.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट कराराची आहे. देव नेताना आणि परत आणताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात. कुणी म्हणेल, देवाच्या कामी कागद कशाला? मला तर यात मोठे शहाणपण दिसते. एका पालखीच्या मानावरून, मिरवणुकीत पुढे कोण आणि मागे कोण यावरून दुभंगलेली गावे आपण पाहिली आहेत. भावकीतली तेढ तीन पिढ्या चालते. इथे वाटणीचा विषय शेताचा बांध नाही, साक्षात कुलदैवत आहे. तरी ‘खरा देव आमचाच’ असे म्हणायची सोय या दोन्ही गावांनी ठेवलेली नाही. प्रेम आहे म्हणून शब्द आहे, आणि शब्द मोडू नये म्हणून कागद आहे.

कुणी माळकरी विचारील, आपण पांडुरंगाचे, मल्हारीच्या दारी काय काम? तर नाथबाबांकडे पाहावे. त्यांनी वाघ्याला भारुडात आणून त्याच्याच तोंडून परमार्थ सांगितला. खंडोबाला कर्नाटकात मैलार म्हणतात, आंध्राकडे मल्लण्णा. ‘येळकोट’ म्हणजे कानडीत सात कोटी. आणि ज्ञानोबामाउलींनी आपल्या विठ्ठलालाही कानडाच म्हटले आहे. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. देवाच्या घरातच इतक्या जाती नांदतात, तर दोन गावे का नांदू नयेत?

मूर्तीने गाव सोडणे हेही आपल्याला नवे नाही. विठोबाला विजयनगरी नेले होते आणि नाथांचे पणजोबा भानुदास महाराजांनी परत आणले, अशी परंपरा आहे. तुळजाभवानीची मूर्तीही चलमूर्ती; ती सिंहासनावरून पलंगावर निद्रेला जाते. पण विठोबाचे जाणे संकटातले, भवानीचे मंदिराच्या आवारातले. दोन गावांच्या संमतीने दरवर्षी नेमाने बिऱ्हाड हलवणारा देव मला या खंडोबाखेरीज दुसरा ठाऊक नाही.

मैलारपूरच्या बाजूला आलात तर किल्लाही पाहा. बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६१३ साली बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी अशा दोन धारा कोसळतात, आणि आत उभ्या माणसाच्या अंगावर थेंब पडत नाही. नळराजाची कथाही या जागेला चिकटली आहे. आदिलशाही गेली, मोगल आले, निजाम आला. १८५३ ते १८६० इंग्रजांचा अंमल होता, तेव्हा ठगांवर पुस्तक लिहिणारा मेडोज टेलर इथे अधिकारी होता. १९४८ च्या सप्टेंबरात निजामीही संपली. बोरी मात्र वाहते आहे आणि पंढरीच्या खाली जाऊन भीमेलाच मिळते.

अणदुरात जाल तेव्हा सोबत थोडा भंडारा घ्या आणि घाई करू नका. पौष पौर्णिमेच्या सुमारास गेलात तर मात्र अणदुरात न थांबता मैलारपूर गाठा. देव तिकडे असेल.