नावाआधी काय लिहू?

आजचा एपिसोड आहे बायकांच्या नावाआधी लागणाऱ्या एक-दोन अक्षरांवर.

कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला आम्ही कपिलधारला गेलो होतो. बीड जिल्ह्यात, मांजरसुंब्याजवळ, मन्मथस्वामींची समाधी आहे ना, तिथे. अन्नदानाची पावती फाडताना एका काकांनी आईला अगदी सहज विचारलं, "नावाआधी काय लिहू? सौ. की श्रीमती?" बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. आई जरा थांबली आणि म्हणाली, "नुसतं नाव लिहा." माझ्या पावतीवर मात्र न विचारता 'श्री.' आलं. माझं लग्न झालंय की नाही, याची कुणाला गरजच पडली नाही.

आता गंमत बघा. कुमारी, सौभाग्यवती, गंगा भागीरथी. म्हणजे लग्नाआधी, नवरा असताना आणि नवरा गेल्यावर. एका बाईला आयुष्यात तीन पाट्या. 'श्रीमती' हा खरं तर कुठल्याही स्त्रीसाठी आदराचा शब्द. हिंदीत तो लग्न झालेल्या बाईला लावतात, आणि आपल्याकडे मात्र अनेकांना तो ऐकला की विधवाच आठवते.

पण आपल्या इतिहासात दुसरी पद्धतही दिसते. मुक्ताबाईंनी लग्न केलं नाही. अहिल्याबाईंचे पती खंडेराव 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात गेले, त्यानंतर त्यांनी राज्य चालवलं. जोतीराव 1890 मध्ये गेले, सावित्रीबाई 1897 पर्यंत काम करत राहिल्या. तिघींची परिस्थिती वेगळी, पण नावापुढे तेच 'बाई'. कपिलधारला येणाऱ्या वीरशैव-लिंगायत परंपरेत 12व्या शतकातल्या महादेवींना आजही 'अक्का' म्हणतात. अक्का म्हणजे थोरली बहीण. त्यात नवऱ्याचा हिशोब नाही.

बाहेरच्या जगातही हा वाद झालाय. मिस आणि मिसेस यांच्या मधला 'मिझ' 1901 मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने सुचवला होता, पण न्यूयॉर्क टाइम्सने तो वापरायला 1986 उजाडलं. फ्रान्सने सरकारी कागदांतून 'मादमोआझेल' 2012 मध्ये काढलं.

आपल्याकडे काय झालं? मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला: नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल 2023 मध्ये, महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव पुढे आणला. जोरदार टीका झाली, मग ही फक्त चर्चा आहे, असा खुलासा आला. शब्द कितीही पवित्र असू दे, काम तेच: नवरा गेलाय, हे सगळ्यांना सांगणं. कपाळावरचं कुंकू पुसायचं नाही म्हणायचं आणि नावावर शिक्का मारायचा, याला काय अर्थ आहे?

काही जणींना 'सौ.' मनापासून आवडतं. माझ्या मावशीला आवडतं. तिने लावावं, खुशाल. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, तर आमच्या भाषेत सांगतो: ही फील्ड ऑप्शनल ठेवा. जिला भरायची ती भरेल. पण कंपल्सरी केली, की माझ्या आईसारख्या बाईला पावतीच्या रांगेत उभं राहून, अनोळखी माणसासमोर, आपलं दुःख निवडून सांगावं लागतं.

ती पावती आईने जपून ठेवलीय. त्यावर फक्त तिचं नाव आहे.

तुमच्या घरच्या लग्नपत्रिका काढून बघा, कुणाच्या नावाआधी काय छापलंय ते. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!